भयप्रद लेखन आणि अध्यापकाचे वाचन

लेखनवर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने हिंसा किंवा पराकोटीचा द्वेष ह्यांनी भरलेली रचना सादर केली, म्हणजे अध्यापकापुढे दोन सोप्या वाटा असतात. केवळ शैलीचे गुणदोष दाखवून मोकळे होणे ही एक. त्या रचनेलाच लेखकाविरुद्धची साक्ष मानणे ही दुसरी. पहिलीत माणूस दृष्टीआड होतो. दुसरीत निवेदक व लेखक ह्यांतील भेद पुसला जातो. त्या न्यायाने ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) लिहिणारा डोस्टोव्हस्कीही संशयित ठरेल.

अमेरिकेतील दोन घटना ह्या दृष्टीने ताडून पाहण्याजोग्या आहेत. २००५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात कवयित्री निकी जिओव्हानी ह्यांनी एका विद्यार्थ्याला आपल्या काव्यवर्गातून हलविण्याचा आग्रह धरला. त्याच्या कवितांबरोबरच त्याचे वर्तन, सहाध्यायांची चोरून छायाचित्रे घेणे, हेही त्यांनी पाहिले होते. विभागप्रमुख ल्यूसिंडा रॉय ह्यांनी त्याला स्वतंत्रपणे शिकविण्याचे पत्करले आणि पोलिस व समुपदेशन केंद्र ह्यांना आपली चिंता कळविली. १६ एप्रिल २००७ रोजी त्याच विद्यार्थ्याने ३२ जणांची हत्या केली. राज्यपालांनी नेमलेल्या समितीच्या अहवालात असे दिसून आले की, निरनिराळ्या कचेऱ्यांजवळची माहिती एकत्र आलीच नाही. खाजगीपणाविषयीच्या कायद्यांचा चुकीचा अर्थ हे त्याचे एक कारण होते.

त्यानंतर आठच दिवसांनी इलिनॉय राज्यातील एका शाळेत, ‘मनात येईल ते निःसंकोच लिहा’ अशा सूचनेवरून लिहिलेल्या निबंधामुळे एका विद्यार्थ्याला अटक झाली. पुढे त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आले.

पहिल्या प्रसंगी अध्यापिकांनी शब्दांबरोबर माणूसही वाचला, परंतु त्यांच्या वाचनाला पुढे आधार मिळाला नाही. दुसऱ्या प्रसंगी केवळ शब्द वाचले गेले आणि त्यांची दखल मात्र तत्काळ घेतली गेली. म्हणजे उणीव अध्यापकांच्या सावधपणाची नव्हती. वाचन आणि कृती ह्यांच्यामधील दुवा तुटलेला होता.

तो दुवा म्हणजे संवाद होय. अध्यापक हा निदान करणारा वैद्य नव्हे, की पहारेकरीही नव्हे. तो त्या रचनेचा पहिला वाचक आहे. ‘हे वाचून मी अस्वस्थ झालो, तुम्ही हे का लिहिले?’ असे त्याने लेखकाला समोरासमोर विचारावे. उत्तराने समाधान न झाल्यास त्याची चिंता ऐकून घेणारी व्यवस्था विद्यापीठात असली पाहिजे. तिच्या अभावी सहृदय वाचनही निष्फळ ठरते.