ध्वनिमुद्रित व्याख्याने : एक परीक्षण

येल विद्यापीठाने प्राध्यापिका क्रिस्टीन हेझ यांची जुन्या करारावरील २४ व्याख्याने २००६ साली मुद्रित केली व पुढे महाजालावर सर्वांस विनामूल्य खुली केली. ध्वनी, चित्र व शब्दशः संहिता या तिन्ही रूपांत ती मिळतात, हा त्यांचा मोठा गुण होय. ज्याच्यापाशी साधने अल्प, त्यासही केवळ ध्वनी अथवा केवळ संहिता पुरते.

आपल्याकडील स्लाइडयुक्त व्याख्यानांत हा विवेक क्वचितच आढळतो. वक्ता पुष्कळदा पडद्यावरील ओळीच वाचून दाखवितो. चित्राबरोबर निवेदन ऐकून जे उमजते, ते तेच शब्द पडद्यावरही छापल्यास उणावते, असे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. सबब नकाशा, वंशावळ, हिब्रू शब्द एवढेच स्लाइडवर असावे. विवेचन आवाजाकडे सोपवावे. मूळ ध्वनिमुद्रणही स्वतःजवळ जपावे. स्लाइडशेअरने २००७ साली आरंभिलेली ध्वनी व स्लाइड जोडण्याची सोय २०१४ साली बंद पडली, हे विसरू नये.

मात्र हेझबाई इतिहास व वाङ्मय या अंगांनी शिकवितात. श्रद्धेचे विवरण हा त्यांचा हेतू नव्हे. उत्पत्तीच्या ग्रंथामागील निरनिराळे स्रोत प्रथमच ऐकणारा श्रोता गोंधळला, तर यंत्र त्याच्या प्रश्नास उत्तर देत नाही. ते उत्तर धर्मशिक्षकानेच समोर बसून दिले पाहिजे. म्हणून अशी व्याख्याने एकट्याने ऐकण्यास न देता मंडळीत ऐकवावीत व नंतर चर्चेस पुरेसा अवधी ठेवावा.