मुदत भरलेला शिपाई आणि आमचे वऱ्हाड

इंग्रजी वाङ्मयातील शिपायांच्या कथांविषयी बोलणे निघाले म्हणजे रुडयार्ड किपलिंग याची स्तुती आमच्याकडे ठरलेलीच असते. त्याच्या साम्राज्यभक्तीचा ज्यांस मनापासून तिटकारा आहे असे टीकाकारही गोरा शिपाई त्यानेच ओळखला एवढे कबूल करतात आणि मग पुढे जातात. आम्हीही इतके दिवस तसेच करीत आलो. परंतु गेल्या हिवाळ्यात अमरावतीस आमच्या मेहुण्यांकडे महिनाभर राहणे झाले आणि तेथे किपलिंगच्या 'सोल्जर्स थ्री' या १८८८च्या पुस्तकातील कथा व कर्नल मेडोज टेलर याचे 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' हे आत्मचरित्र लागोपाठ वाचण्याचा योग आला. मध्येच एक दिवस परतवाड्यासही जाऊन आलो. त्यानंतर किपलिंगला दिलेली ती सरसकट कबुली आम्हांस फार स्वस्त वाटू लागली आहे. असे का झाले, ते वाचकांपुढे मांडतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजांची पलटण परमुलखात किती दिवस राहते, तिच्यातील माणसे केव्हा बदलतात आणि कशी परत जातात, यावर त्या पलटणीचे वाङ्मय कोणत्या जातीचे होणार हे पुष्कळ अंशी ठरते. आमच्याच मुलखातले उदाहरण घ्या. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याच्या उत्तरेस अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला मेळघाटच्या कड्यावरील गाविलगड पडला. या दोन्ही प्रसंगी वेलस्लीच्या हाताखाली ज्या विलायती पलटणी होत्या, त्यांतील ७४वी १७८९ साली मद्रासेस उतरली होती व ती विलायतेस परत पोचली १८०६ साली. ७८वी १७९७ साली आली. जावा बेटाची मोहीम करून ती स्वदेशी गेली तेव्हा वीस वर्षे लोटली होती. १९व्या रिसाल्याने तर १७८२पासून १८०६पर्यंत चोवीस वर्षे येथे काढली. आणि परत जाणे तरी कसले! पलटणीची पाळी आली म्हणजे निशाण, अंमलदार आणि थोडकी माणसे बोटीत चढत. धडधाकट शिपायांस येथेच राहणाऱ्या दुसऱ्या पलटणींत नाव नोंदविण्याची मोकळीक मिळे, आणि पुष्कळजण ती घेत. अशा रीतीने पलटण घरी जाई आणि तिची माणसे मात्र येथेच राहत. या शिपायांनी कथा लिहिल्या नाहीत, कारण बहुतेकांस लिहिता येत नव्हते. पण त्यांच्यापैकी कोणी लिहिलेच असते, तर त्यात घरी जाण्याचे वर्णन फारसे आले नसते, असा आमचा तर्क आहे. ज्याला परतीची तारीख नाही, तो तारखा मोजीत बसत नाही.

किपलिंगचा शिपाई हा याच्या अगदी उलट व्यवस्थेचा पुत्र आहे. १८७० साली कार्डवेल या युद्धमंत्र्याने अल्प मुदतीच्या नोकरीचा कायदा केला. बारा वर्षांच्या करारापैकी निम्मी वर्षे पलटणीत व निम्मी घरी राखीव म्हणून, असा त्याचा मूळचा हिशेब होता. पुढे दोन-दोन पलटणींच्या जोड्या लावण्यात आल्या. जोडीतील एक पलटण स्वदेशी राही आणि दुसरी परमुलखात. घरची पलटण रंगरूट तयार करी आणि बाहेरच्या पलटणीत पडलेली तूट दरसाल भरून काढी. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला होता. 'मलबार', 'जमना', 'युफ्रेटिस' अशा नावांच्या खास लष्करी आगबोटी थंडीच्या दिवसांत मुंबईस ये-जा करीत. नव्या तुकड्या उतरायच्या व मुदत भरलेल्या चढायच्या. पलटण या देशात पंधरा-सोळा वर्षे असली, तरी तिच्यातील माणूस पाच-सात वर्षांत बदललेला असे. आमच्या हायस्कुलासारखाच हा प्रकार: इमारत, घंटा आणि हेडमास्तरांचा करडेपणा तोच, पण बाकांवर दर वर्षी नवी मुले. त्यातही ही पलटण एका जागी टिकत नसे. काही हिवाळे झाले की तिने दुसऱ्या छावणीकडे कूच करावे असा शिरस्ताच होता.

या चक्राचा कणा म्हणजे नाशिकजवळचे देवळाली. मुदत भरलेले शिपाई तेथे बोटीची वाट पाहत थांबत. आगबोटींचा हंगाम उन्हाळ्याच्या आरंभी संपे, आणि ज्याची मुदत त्यानंतर भरे त्यास पुढील हिवाळ्यापर्यंत तेथे काम नाही, कवायत नाही, अशा अवस्थेत दिवस कंठावे लागत. त्या रिकामपणात कित्येकांची डोकी फिरली आणि इंग्रजी भाषेस वेडाचा एक नवाच शब्द मिळाला. 'डूलाली' हा शब्द लंडनचा मनुष्य आजही वापरतो. तो नाशिक जिल्ह्यातला आहे हे त्यास बहुधा ठाऊक नसते. मराठी मुलखाने इंग्रजीस दिलेल्या शब्दांत हा एक वेडेपणाचा निघावा, याचे हसू येते आणि थोडे वाईटही वाटते.

आता 'द बिग ड्रंक ड्राफ' ही कथा पाहा. मल्व्हेनी हा आयरिश शिपाई मुदत संपवून घरी गेला, तेथे त्याचे मन रमेना, म्हणून बायकोसह परत येऊन तो मध्य हिंदुस्थानातील रेल्वेच्या कामावर कुल्यांच्या टोळीचा मुकादम झाला आहे. मुदत भरलेल्या शिपायांची एक तुकडी बंदराकडे निघालेली असता वाटेतल्या मुक्कामावर दारू पिऊन बेफाम होते. बरोबरचा अंमलदार अगदी पोर. मल्व्हेनी त्याला सल्ला देतो, दंगेखोरांपैकी एकास तंबूच्या खुंट्यांना बांधून घातले जाते आणि तुकडी ताळ्यावर येते. कथा विनोदी आहे आणि विनोद खरा आहे. परंतु तिचे मर्म दंग्यात नाही. घरी निघालेल्यांच्या गर्दीत, घरी जाऊन परत आलेला एक मनुष्य उभा करावा, ही किपलिंगची युक्ती आम्हांस असामान्य वाटते. परतीची वाट पाहण्यात ज्याचे सारे तारुण्य गेले, त्यास परत गेल्यावर घरच उरलेले नसते, हे तो एका शब्दानेही न सांगता दाखवितो. ऑर्थेरिसच्या वेडाची जी दुसरी कथा आहे तीतही हेच. लंडनच्या आठवणीने तो शिपाई पळून जावयास निघतो, मित्र त्याला कपडे बदलून देतात आणि थोडा वेळ एकटे सोडतात. तेवढ्यात झटका ओसरतो. घराची ओढ हा तापासारखा येणारा व जाणारा विकार आहे, हे इतक्या थोडक्या जागेत क्वचितच कोणी लिहिले असेल.

येथवर किपलिंगच्या चाहत्यांशी आमचा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. त्या बेफाम तुकडीने ज्या मुक्कामावर धुमाकूळ घातला, त्याच्या शेजारी गाव होते की नव्हते? मल्व्हेनीच्या हाताखालचे कुली कोणत्या मुलखातले होते? कथेत त्यांना तोंड नाही. हा किपलिंगचा केवळ दुष्टपणा आहे असे म्हणून भागणार नाही. जो मनुष्य दर दोन-तीन हिवाळ्यांनी नव्या छावणीत जातो आणि ज्याचा डोळा सतत बोटीकडे आहे, त्यास छावणीच्या कुंपणापलीकडचे दिसावयाचे नाही. किपलिंगने शिपायाच्या डोळ्यांनी पाहण्याचे व्रत घेतले आणि ते इतके प्रामाणिकपणे पाळले की शिपायाचे आंधळेपणही त्याने पत्करले. कलावंताच्या दृष्टीने हे यश म्हणावे लागेल. मात्र या यशाला हिंदुस्थानचे ज्ञान असे नाव देणाऱ्या टीकाकारांनी आपला चष्मा पुसून घ्यावा. १८६७ साली नागपूरपर्यंत गाडी सुरू झाल्यावर मुंबईहून कामठीच्या छावणीकडे जाणाऱ्या तुकड्यांचा रस्ता अकोला व बडनेरा या स्टेशनांवरूनच जात होता. त्या डब्यांतून वऱ्हाड जेवढे दिसले असेल, तेवढेच या कथांत हिंदुस्थान आहे.

टेलरचे प्रकरण निराळे. आमच्या वऱ्हाडाशी त्याचा संबंध जडला तो एका वेगळ्याच लष्करामुळे. २१ मे १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या हवाली केले, ते कशासाठी? हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चासाठी: पाच हजार पायदळ, दोन हजार स्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या. या फौजेला समुद्र ओलांडावा लागत नसे. तिचे चक्र बोलारम, हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर अशा छावण्यांमधून फिरे. तिचे गोरे अंमलदार मात्र बोटीच्या हंगामाशी बांधलेले नव्हते. ते या चक्रात जन्मभर राहत.

टेलर हा त्यांपैकीच. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला हा मुलगा १८२४ साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कामास आला आणि त्याच वर्षी निजामाच्या फौजेत शिरला. पहिल्याने घरी गेला तो सुमारे चौदा वर्षांनी. त्या रजेतच, १८३९ साली, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' प्रसिद्ध होऊन त्याचे नाव झाले. परत आल्यावर १८६०पर्यंत त्याने विलायत पाहिली नाही. त्याच्या पुस्तकात बोटी नाहीत असे नाही. पण त्यात तलाव आहेत, रस्ते आहेत, जमाबंदी आहे, सुरापूरच्या दरबारातील भांडणे आहेत. नळदुर्गास चार वर्षे काढलेला हा मनुष्य पुढे तुळजापूरच्या परिसरात 'तारा' ही कादंबरी रचतो, यात नवल ते काय? वाङ्मयगुणांत तो किपलिंगच्या पासंगालाही पुरणार नाही. वाक्ये लांबट, स्वतःच्या लोकप्रियतेचे दाखले जरा जास्तच. परंतु माणसांस नावे आहेत आणि गावांस वेशी आहेत.

त्यातील आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग १८५७चा आहे. त्या वर्षी त्याची नळदुर्गाहून बुलढाण्यास बदली झाली. हैदराबादच्या रेसिडेंटाने त्यास स्पष्ट सांगितले की फौज मिळणार नाही, जमेल तसे निभावून न्या. ज्या वऱ्हाडाचा वसूल फौजेच्या पगारासाठीच तोडून घेतला होता, त्या वऱ्हाडास ऐन वेळी देण्यास त्या फौजेतली एक तुकडीही शिल्लक नव्हती! टेलरने बुलढाणा फौजेवाचून शांत ठेवला. त्याच्या लेखणीस या पानांत एकाएकी धार येते. पलटण आसपास असताना तो अंमलदारासारखा लिहितो. ती नसताना शेजाऱ्यासारखा लिहू लागतो.

तरीही येथेच त्याचे मोठे वैगुण्य दिसते. जनरल व्हिटलॉकचे मद्राशी सैन्य उत्तरेकडे चालले होते. त्याच्या वाहतुकीसाठी टेलरने वऱ्हाडातून बैल मिळवून दिले. हे काम त्याच्या लेखी मोठे कर्तृत्व आहे आणि सरकारी दृष्टीने ते होतेच. पण वऱ्हाडच्या काळ्या, चिकट जमिनीत बैलाची जोडी म्हणजे काय, हे टेलरइतके कोणत्या इंग्रजास ठाऊक असणार? जोडी गोठ्यातून सुटली म्हणजे वखर थांबला आणि वखर थांबला म्हणजे वर्ष गेले. ज्याने जोडी दिली त्या कुणब्याच्या अंगणात हा लेखक क्षणभरही थांबत नाही. किपलिंगकडून आमची अशी अपेक्षाच नव्हती. टेलरकडून होती, म्हणून त्याचे मौन अधिक बोचते.

परक्यांना असा जाब विचारल्यावर स्वतःकडे पाहणे ओघानेच आले. मराठीत कूच करणाऱ्या पलटणी वाटसराच्या डोळ्यांनी पाहिलेले एक पुस्तक आहे, ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते पुष्कळ हात फिरवून छापले आणि मुळाबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांच्या हातून निघावयास १९६६ साल उजाडले. दक्षिणेच्या आशेने निघालेल्या या भटजींस झाशीचा वेढा भोगावा लागला. पलटण गावात शिरली म्हणजे विहिरीवर, चुलीवर आणि देवघरावर काय प्रसंग येतो, ते त्यांनी लिहून ठेवले. परंतु ते उत्तर हिंदुस्थानचे. एलिचपूरच्या छावणीशेजारी पन्नास वर्षे दुकान चालविणाऱ्या वाण्याने, कॅम्पात दूध घालणाऱ्या गवळ्याने, पलटण हिंगोलीस निघाली म्हणजे जिची उधारी बुडे त्या बाईने काय पाहिले, याचे आमच्याकडे एकही पान नाही. यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ साली निघाला, त्याचे ऋण आम्ही मानतो. पण इतिहासकाराने तह सांगावा, आणि उधारीची वही कथाकाराने उघडावी. आमचे कथाकार त्या काळात पुण्याच्या वाड्यांतून बाहेर पडत नव्हते, आणि वऱ्हाडातले होते तेही पुण्याकडेच तोंड करून बसले होते.

१८६०च्या तहाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क गेला. ५ नोव्हेंबर १९०२च्या कराराने वऱ्हाड दरसाल पंचवीस लाख रुपयांच्या खंडाने कायमचे इंग्रजांकडे आले. पुढच्याच वर्षी कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात मिळविण्यात आल्या. ज्या फौजेसाठी प्रांत गेला होता ती फौज गेली आणि प्रांत तसाच राहिला. त्या पलटणींपैकी एकीस '९६वी बेरार पायदळ' असे नाव पडले. १९२२ साली ती १९व्या हैदराबाद रेजिमेंटात गेली आणि १९४५ साली त्या रेजिमेंटाचेच नाव कुमाऊं झाले. परतवाड्याहून परत येताना मोटारीत आम्ही मेहुण्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांस ते खरे वाटेना. त्या रेजिमेंटाच्या दुसऱ्या पलटणीने 'बेरार' हे जुने नाव पुढेही चालविले, आणि ते मिरविणारे जवान हिमालयाच्या पायथ्याकडचे होते.