सोपानकाकांची वाट

पंढरीच्या वारीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनात समूह आहे, समता आहे, टाळमृदंगाचा गजर आहे, पेरणी उरकून निघालेला शेतकरी आहे. परंतु वारीच्या अंतरंगातील एक साधी गोष्ट या लेखनात बहुधा कडेला राहते. ती ही, की वारी म्हणजे चार भावंडांची वार्षिक भेट आहे. ही गोष्ट मध्यभागी ठेवून वारीविषयीच्या दोन मान्यवर मराठी कृतींकडे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उभे राहावयाचे ते आळंदीच्या प्रसिद्ध वाटेवर नव्हे, तर बारामती-इंदापूरच्या वाटेवर.

निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही चार भावंडे. संन्याशाची मुले म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले. मातापित्यांचे छत्र लवकर हरपले. थोरला भाऊच धाकट्याचा गुरू झाला आणि त्या गुरुकृपेतून १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे १२९६-९७ या अल्पकाळात चौघांचीही इहलोकीची यात्रा संपली. ज्ञानदेव आळंदीला, सोपानदेव सासवडला, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी आणि मुक्ताई खानदेशात तापीकाठी, अशी एका घरातील चौघांची स्थाने महाराष्ट्राच्या चार ठिकाणी विखुरली. दरवर्षी आषाढीला या चारही ठिकाणांहून पादुका निघतात. ज्यांना एका गावाने ठेवून घेतले नाही, त्यांना आज गावोगावचे लोक खांद्यावर घेऊन एकमेकांच्या भेटीस नेतात.

या भेटीचा मार्ग लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला येते. म्हणजे थोरला भाऊ धाकट्याच्या घरी मुक्कामाला येतो. तेथून दोघे एकाच वाटेने गेले असते, तर कोणास नवल वाटले नसते. पण तसे होत नाही. माउली जेजुरी, लोणंद, फलटण अशा मार्गाने जातात. सोपानकाकांची पालखी मात्र सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे करीत बारामतीला येते. पुढे इंदापूर तालुक्यातील लासुर्णे, निरवांगी ही गावे घेऊन नीरा ओलांडते आणि अकलूजला पोहोचते. तुकोबारायांची पालखीही बारामती आणि इंदापूर या गावांतूनच जाते. त्यांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये तो सोहळा सुरू केला. बेलवाडीच्या रिंगणाला लोटणारी गर्दी सर्वांना ठाऊक आहे. सोपानकाकांची वाट तुलनेने शांत आहे. थोरल्या भावाच्या कीर्तीखाली झाकलेल्या धाकट्याची ती वाट आहे, असे म्हटले तरी चालेल.

पुढे भंडीशेगावच्या अलीकडे ‘टप्पा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी बंधुभेट होते. दोन्ही रथ जवळ येतात, मानकरी परस्परांना श्रीफळ देतात, लोकांचे डोळे पाणावतात. काही वेळातच सोहळे पुढे चालू लागतात. वाखरीला सर्व संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि त्यांना सामोरे जाण्यासाठी पंढरपुराहून नामदेवरायांची पालखी येते.

आता साहित्याकडे वळू. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे १९६४ चे ‘पालखी’ हे पुस्तक, या वारीविषयीच्या दोन अग्रगण्य कृती होत. दोघेही ज्ञानदेवांच्या पालखीबरोबर गेले. मोकाशींची नजर संशयी, मध्यमवर्गीय माणसाची आहे. ते भाविक असल्याचा आव आणीत नाहीत. वारकऱ्याचे श्रम, त्याच्या घरच्या विवंचना, मुक्कामावरची गैरसोय ते प्रामाणिकपणे टिपतात, आणि या प्रामाणिकपणातच त्यांचे यश आहे. परंतु त्यांचा खरा प्रश्न ‘मी या लोकांत बसतो का?’ असा आहे. व्यक्ती आणि समूह या दोन टोकांमध्ये त्यांचे पुस्तक फिरते. या दोहोंमधले जे नाते, म्हणजे घर, ते त्यांच्या चौकटीत पुरेसे येत नाही.

इरावतीबाई अधिक खोल जातात. पंढरपूरला ज्या भूमीतील लोक जातात ती भूमी महाराष्ट्र, असा अर्थ त्यांना या वाटेवर गवसला. तथापि त्याच लेखात एक जखमही उघडी आहे. एकत्र चालणाऱ्या, एकच अभंग गाणाऱ्या बाया जेवणाच्या वेळी ब्राह्मण आणि मराठा अशा निराळ्या पंगतींत विभागल्या जातात, हे त्या पाहतात आणि अस्वस्थ होतात. ही अस्वस्थता त्यांनी झाकली नाही, म्हणून माझ्या मते ‘वाटचाल’ हे वारीविषयीचे अधिक मोठे लेखन आहे. भावंडपण वाटेवर सोपे असते. त्याची परीक्षा ताटावर होते, हे त्या लेखाने दाखवून दिले.

कॅथलिक वाचकाला येथे एका जुन्या कथेची आठवण व्हावी. थोर संत ग्रेगरी यांनी आपल्या ‘संवाद’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात संत बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण संत स्कोलास्टिका यांची हकीकत दिली आहे. ही भावंडे वर्षातून एकदाच भेटत. बहीण येई आणि भाऊ मठाच्या वेशीबाहेर थोड्या अंतरावर तिला भेटावयास जाई. शेवटच्या भेटीत तिने रात्रभर थांबण्याची विनंती केली. मठाच्या नियमावर बोट ठेवून भावाने नकार दिला. तिने प्रार्थना केली, आणि असे वादळ उठले की भावाला पाऊल बाहेर टाकता येईना. तीन दिवसांनी ती निवर्तली. भावाने स्वतःसाठी सिद्ध करून ठेवलेल्या थडग्यात तिला ठेवले, आणि पुढे तोही तेथेच विसावला. ग्रेगरींचा निष्कर्ष असा, की तिचे प्रेम अधिक होते म्हणून तिचे सामर्थ्यही अधिक ठरले.

ताटीच्या अभंगांची पार्श्वभूमीही याहून फार दूरची नाही. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताईने त्यांना ती उघडावयास लावले, असे परंपरा सांगते. दोन्हीकडे भाऊ ज्ञानी आहे, आणि बंद दाराबाहेर प्रेम घेऊन उभी आहे ती बहीण. फरक इतकाच, की ग्रेगरी हा प्रसंग एका अध्यायात सांगून मोकळे होतात. वारकऱ्यांनी भावंडांची भेट शब्दांत ठेवली नाही, ती दरवर्षी पायांनी लिहिली.

आपल्या पवित्र शास्त्रालाही ही वाट परकी नाही. येशूचे आईवडील वल्हांडण सणासाठी दरवर्षी यरुशलेमला जात, असे संत लूक सांगतात. बाळ येशू हरवला तेव्हा त्यांनी त्याला प्रथम वाटेवरच्या नातलगांत शोधले. कारण ती यात्रा गणगोताची होती. यात्रेकरूंच्या आरोहणगीतांतील १३३ वे स्तोत्र तर भाऊ एकोप्याने राहतात त्या सुखाविषयीच आहे. ते गीत घरी बसून नव्हे, वाटेवर गावयाचे आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, हा सारा भाविकांचा उपचार. त्यात साहित्याने इतके काय पाहावे? याचे उत्तर २०२० साली मिळाले. महासाथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीच्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. रिंगण नव्हते, गर्दी नव्हती, मुक्काम नव्हते. सोहळ्याचे बाकी सारे गळाले, तरी संतांची भेट मात्र चुकू दिली गेली नाही. आकस्मिक काय आणि अटळ काय, हे परंपरेने स्वतःच निवडून दाखविले.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना या साऱ्याशी काय कर्तव्य? पुष्कळ आहे. वाटणीच्या बांधावरून अबोला धरलेले भाऊ आपल्यात आहेत. लग्नात एक खुर्ची चुकली म्हणून माहेर तुटलेल्या बहिणी आहेत. अशी भावंडे एकत्र येतात ती मयतीच्या मिस्साला, तेव्हा बोलावयास एक जण उरलेला नसतो. इरावतीबाईंनी पाहिलेली निराळी पंगत तर आपल्यालाही अनोळखी नाही. एका वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारणारे आपण सोयरिकीच्या वेळी एकमेकांची जात विचारत असू, तर वारकऱ्यांच्या पंगतीकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सोपानकाकांची वाट एक गोष्ट शिकवते. भावंडांनी एकाच मार्गाने चालले पाहिजे असे नाही. एक फलटणहून जाईल, एक बारामतीहून. वर्षातून एकदा ठरल्या ठिकाणी थांबावे, श्रीफळ द्यावे आणि पुढे निघावे, इतके पुरे. मात्र ते ठिकाण ठरलेले हवे आणि दिवसही. या धाकट्या भावाच्या वाटेवर चालून कोणीतरी मराठी पुस्तक लिहावे. ते लिहिणारा आपल्या तरुणांपैकी असेल, तर अधिकच आनंद वाटेल. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापून प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण लिहिले ते ओवीतच. त्या ओवीचे ऋण आपल्यावर अद्याप आहे.