युद्धात नास्तिक उरत नाही म्हणे! पण मोजलं कुणाला?

"संकटात माणूस देवाकडे वळतो." तुमच्या प्रपोझलमध्ये असं एखादं वाक्य येण्याची शक्यता बरीच आहे. माझ्या तर पहिल्याच पानावर होतं, आणि मी ते सिद्ध झालेली गोष्ट असल्यासारखं ठोकून दिलं होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: "कोण माणूस?" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या एका प्रश्नाने माझं काम वाचवलं.

या वाक्याचं सगळ्यात कडक रूप दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झालं: खंदकात कुणी नास्तिक नसतो. म्हणजे डोक्यावरून गोळ्या जाऊ लागल्या की देव न मानणाराही देवाचा धावा करतो. ऐकायला पटतं. पण संशोधक म्हणून आपल्याला विचारायचंय की याला पुरावा काय, आणि तो नेमका कशाचा पुरावा आहे.

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला उदाहरणासाठी लांब जायला नको. घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगिजांकडून घेतला आणि मे १७३९ मध्ये खाडीपलीकडची वसई चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकली. परंपरा सांगते की अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस बोलला होता: वसई मिळाली तर तुझं मंदिर बांधीन. वसई मिळाली, मंदिर झालं, आजही लोक दर्शनाला जातात. मग, "युद्ध माणसाला देवाकडे नेतं" हे सिद्ध झालं का?

नाही. पहिली अडचण अगदी साधी आहे. नवस बोलण्याआधीही अप्पा श्रद्धाळूच होते. आधीच श्रद्धा असलेला माणूस युद्धात अधिक कळवळून हाक मारतो, ही एक गोष्ट. श्रद्धा नसलेल्यात ती नव्याने उगवते, ही वेगळी गोष्ट. म्हण दुसरीबद्दल बोलते आणि आपण उदाहरणं पहिलीची देत राहतो.

दुसरी अडचण: फेडलेल्या नवसाचं मंदिर दिसतं, फुकट गेलेल्या नवसाचं काहीच दिसत नाही. वसईच्या किल्ल्यात तेव्हा चर्च होती. वेढा पडल्यावर आतही प्रार्थना झाल्याच असणार, पण किल्ला पडला. रोमन लेखक सिसेरोने डायगोरस नावाच्या नास्तिकाची गोष्ट सांगितली आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवाला वाहिलेली चित्रं त्याला दाखवली गेली, तेव्हा तो म्हणाला की जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? आज आपण याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतो. रणांगणावर मेलेला माणूस सर्व्हेचा फॉर्म भरत नाही, हे कायम डोक्यात असू द्या.

बरं, मग आकडे काय म्हणतात? या विषयावर हमखास दाखवला जाणारा पेपर २०१३ सालचा, वान्सिंक बंधूंचा. पॅसिफिक आघाडीवरच्या ९४९ अमेरिकन पायदळ सैनिकांची उत्तरं त्यांनी पुन्हा तपासली. लढाईची तीव्रता वाढत गेली तसं प्रार्थनेचा आधार घेणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेलं. शीर्षकात 'खंदकातले नास्तिक' आहेत, पण हे आकडे सगळ्या सैनिकांचे आहेत. नास्तिकांचे वेगळे नाहीत. शिवाय ७२ म्हणजे १०० नव्हे. सगळ्यात भीषण लढाईतही चारांतला एक जण उरतोच, आणि त्याच्याबद्दल म्हण काहीच बोलत नाही.

याच पेपरचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. युद्धानंतर अनेक दशकांनी माजी सैनिकांना विचारलं, तेव्हा तीव्र लढाई पाहिलेल्यांपैकी ज्यांना युद्धाचा अनुभव वाईट वाटला ते चर्चमध्ये २१ टक्के जास्त जात होते, आणि ज्यांना तो चांगला वाटला ते २६ टक्के कमी. म्हणजे बाण दोन्ही दिशांना जातो. आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. ब्रायन वान्सिंक यांच्या इतर अनेक शोधनिबंधांवर आक्षेप आले, बरेच मागे घेतले गेले, आणि २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना शैक्षणिक गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवलं. त्यामुळे हा पेपर आपोआप खोटा ठरत नाही. पण एकट्या त्याच्या जिवावर प्रकरण उभं करू नका.

आता मूळ सर्व्हेकडे या. सॅम्युअल स्टाउफर आणि सहकाऱ्यांचा 'द अमेरिकन सोल्जर' १९४९ साली आला. लढाई पाहिलेल्या सैनिकांना विचारलं की लष्करातल्या अनुभवाने देवावरचा विश्वास वाढला की कमी झाला? ७९ टक्के म्हणाले, वाढला. मग विचारलं की तुम्ही अधिक धार्मिक झालात की कमी? अधिक म्हणणारे २९ टक्के, कमी म्हणणारे ३० टक्के. युद्ध तेच आणि अनुभवही तोच. फक्त प्रश्न बदलला आणि निष्कर्ष उलटापालटा झाला. प्रश्नावली बनवायला बसाल तेव्हा हे दोन आकडे समोर चिकटवून ठेवा.

कारण 'वळणं' म्हणजे नक्की काय? भाईंदरहून लोकल नायगावकडे निघाली की खाडीच्या पुलावर किती तरी हात आपोआप जोडले जातात. हात जोडणं ही कृती झाली. देव आहे असं मानणं ही धारणा. दर रविवारी चर्चमध्ये किंवा दर शुक्रवारी मशिदीत जाणं हा सहभाग. तिन्ही वेगळं मोजावं लागतं. हेन्रिक, बाउअर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सिएरा लिओन, युगांडा आणि ताजिकिस्तानमधल्या १,७०९ लोकांचा अभ्यास छापला. युद्धाची झळ जास्त बसलेले लोक काही वर्षांनंतरही धार्मिक गटांत आणि विधींत जास्त सहभागी होते. काम भक्कम आहे. पण ते सहभागाचं आहे. घर उद्ध्वस्त झालेला माणूस देवासाठी जातो की सोबत बसणाऱ्या चार माणसांसाठी, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही.

मग खऱ्या नास्तिकांवर कुणी काम केलंय का? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात जाँग, हाल्बरश्टाट आणि ब्ल्यूमके यांनी केलं, २०१२ मध्ये. सहभागींना आधी मृत्यूबद्दल विचार करायला लावला. थेट विचारल्यावर धर्म न मानणारे आपल्या नकारावर आणखी ठाम झाले. पण संगणकावर पटकन उत्तर द्यायचं होतं तेव्हा 'नाही' म्हणायला त्यांना जरा जास्त वेळ लागला. गंमत इथे आहे: तो उशीर म्हणजे लपलेली श्रद्धा, की लहानपणापासून कानावर पडलेल्या शब्दांचा ठसा? आणि खुर्चीत बसून मरणाचा विचार करणं हे काही युद्ध नव्हे.

उलट बाजूचं उदाहरण तुम्ही लगेच द्याल: भगतसिंग. खेडच्या राजगुरूंसोबत २३ मार्च १९३१ रोजी फाशी गेलेल्या या तरुणाने त्याआधी काही महिने, १९३० साली, तुरुंगात बसून आपण नास्तिक का आहोत हे लिहिलं. शेवटच्या दिवसांत तूही देव मानशील, असं एका सोबत्याने त्याला म्हटलं होतं. त्याने साफ नकार दिला. 'कुणीच नास्तिक उरत नाही' हा सरसकट दावा खोडायला एक ठाम उदाहरण पुरतं, मग ते खंदकातलं नसून फाशीच्या कोठडीतलं का असेना. पण त्यावरून 'बहुतेक नास्तिक डगमगत नाहीत' असं म्हणायला लागलात, तर तुम्हीही वज्रेश्वरीच्या नवसाचीच चूक करताय, फक्त दुसऱ्या बाजूने.

एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. पण ही म्हण दोघांचाही अपमान करते. नास्तिकाला ती सांगते की तुझा विचार सुखात असेपर्यंतचाच. श्रद्धाळूला सांगते की तुझी श्रद्धा म्हणजे निव्वळ भीती. दोन्ही गोष्टी खऱ्या निघू शकतात, खोट्याही निघू शकतात. पण लाखो माणसांच्या मनाबद्दल असं लिहायचं असेल तर त्यांना आधी विचारलं तरी पाहिजे.

माझं ते वाक्य आता असं आहे: "आधीपासून श्रद्धा असलेल्यांमध्ये जिवावरच्या संकटात प्रार्थना वाढते, असं काही सर्व्हे सुचवतात, श्रद्धा नसलेल्यांबद्दलचा पुरावा तुटपुंजा आणि परस्परविरोधी आहे." वाक्य लांबलं आणि त्यातली ऐटही गेली. गाईडनी या वेळी 'सुचवतात' या शब्दाखाली रेघ मारली आणि पान उलटलं.

तुमच्या प्रपोझलचं पहिलं पान काढा. 'माणूस', 'समाज', 'लोक' हे शब्द जिथे असतील तिथे पेन्सिलीने लिहा: कोण? आधी कसे होते? काय मोजलं? कोण मोजायचं राहून गेलं? उत्तर सापडलं नाही, तर बहुधा तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच आहे.