मुखपृष्ठावरची मोकळी जागा
अमेरिकी ‘इन्स्पिरेशनल’ प्रेमकादंबरीचे चित्रवाचन

इंग्रजी ग्रंथव्यवहारात ‘इन्स्पिरेशनल रोमान्स’ या नावाचा एक कादंबरीप्रकार आहे. नावावरून आपला वाचक ‘प्रेरणादायी प्रेमकथा’ असा ढोबळ अर्थ लावील. पण अमेरिकेत त्याचा अर्थ ठरून गेलेला आहे. प्रोटेस्टंट, त्यातही इव्हँजेलिकल वळणाच्या ख्रिस्ती स्त्रीवाचकांसाठी लिहिलेली प्रेमकादंबरी, असा तो अर्थ. तिच्यात नायक-नायिकेचे मीलन होते, पण त्याआधी दोघांपैकी एकाचा किंवा दोघांचाही देवाशी तुटलेला धागा जुळावा लागतो. विवाहापूर्वी शरीरसंबंध नाही, शिवीगाळ नाही, आणि शेवट सुखाचा.

या कादंबऱ्यांच्या वाचकांविषयी चांगले संशोधन झाले आहे. लिन नील यांनी ‘रोमान्सिंग गॉड’ (२००६) या पुस्तकात या वाचक स्त्रियांच्या श्रद्धेचा शोध घेतला. व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांनी ‘थ्रिल ऑफ द चेस्ट’ (२०१३) मध्ये आमिश प्रेमकादंबऱ्यांच्या लाटेचा अभ्यास केला. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे: या कादंबऱ्यांची मुखपृष्ठे. रद्दीच्या भावात, किलोवर विकल्या जाणाऱ्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगांतून अशा कादंबऱ्या मी गेली काही वर्षे गोळा करतो आहे. त्या एका रांगेत मांडल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. लेखिका निराळ्या, प्रकाशक निराळे, पण चित्र जवळपास तेच. ते तसे का, आणि त्या चित्राआड काय झाकले जाते, हा इथला प्रश्न आहे.

मिठीतून एकांताकडे

हा प्रकार अचानक उपजलेला नाही. ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (१८६५–१९४७) या लेखिकेने शंभरावर कादंबऱ्या लिहून श्रद्धा आणि प्रेम यांची सांगड घालून दिली होती. परंतु आजच्या प्रकाराची सुरुवात सामान्यतः जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ (१९७९) या कादंबरीपासून धरतात. ती मिनेसोटातील बेथनी हाउस या धार्मिक प्रकाशनसंस्थेने काढली. पुढे १९९७ मध्ये हार्लेक्विन या प्रेमकादंबऱ्यांच्या बलाढ्य कंपनीने ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही मालिका सुरू केली. श्रद्धेचा हा बाजार मोठा आहे, हे निधर्मी व्यापाऱ्यांनाही तोवर उमगले होते.

मधल्या काळात काय घडत होते हे पाहिले, तर मुखपृष्ठांचे कोडे सुटू लागते. १९७२ मध्ये एव्हन या प्रकाशकाने कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ काढली आणि शय्यागृहाचे दार उघडे ठेवणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचे पेव फुटले. त्यांच्या मुखपृष्ठांना ‘क्लिंच कव्हर’ म्हणत, म्हणजे घट्ट मिठीचे चित्र. उघड्या छातीचा पुरुष, खांद्यावरून ओघळलेला झगा, मागे वादळ किंवा समुद्र. दुकानातल्या फडताळावर पाच पावलांवरूनही आत काय आहे ते कळावे, एवढेच त्या चित्राचे काम.

श्रद्धाळू वाचकाला नेमके याच्या उलट कळायला हवे होते. म्हणून ‘इन्स्पिरेशनल’ मुखपृष्ठाने मिठीची एकेक खूण उलटी केली. मिठी गेली, स्त्री एकटी उभी राहिली. ओघळलेल्या झग्याच्या जागी गळ्यापर्यंत बटणे आली. वादळाच्या जागी गव्हाचे शेत, कुंपण, दूरवर लाकडी घर आणि वर पुष्कळसे आकाश. नायक असलाच तर मागे, अंधुक, घोड्याजवळ. नायिकेची नजर सहसा आपल्याकडे नसते. ती चित्राच्या चौकटीबाहेर किंवा क्षितिजाकडे पाहत असते. कित्येकदा ती पाठमोरीच असते. पाठमोऱ्या स्त्रीची फॅशन इतर ऐतिहासिक कादंबऱ्यांतही आहे, पण तिथे ती गूढतेसाठी येते. इथे तिला वेगळे काम आहे.

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांवर ज्यांची नजर घडली, त्या मराठी वाचकाला हा फरक चटकन जाणवेल. आपल्या दिवाळी अंकावरची स्त्री वाचकाकडे पाहते, त्याचे स्वागत करते. तिच्या भोवतीची जागा दिवे, रांगोळी, दागिने यांनी भरलेली असते. अमेरिकी शेतात उभ्या असलेल्या या नायिकेच्या भोवती मात्र मुद्दाम काही ठेवलेले नसते.

ही मोकळी जागा म्हणजे चित्रकाराचा आळस नव्हे, असे माझे म्हणणे आहे. या कादंबरीत प्रेमाचे दोन नव्हे, तीन पक्ष असतात: ती, तो आणि देव. प्रोटेस्टंट परंपरेला देवाचे चित्र काढण्याचे वावडे. मग तिसऱ्या पक्षाला चित्रात आणायचे कसे? उजेड आणि आकाश यांच्या रूपाने. नायिका ज्या दिशेला पाहते आहे तिथे कोणी नाही, याचा अर्थ तिथे ‘तो’ आहे. नायकाला अंधुक करण्यामागेही हेच कारण असावे. त्याचा क्रम दुसरा आहे.

बॉनेट आणि छायाचित्र

या चित्रभाषेचा कळस म्हणजे आमिश कादंबऱ्यांची मुखपृष्ठे. बेव्हर्ली लुईस यांची ‘द शनिंग’ १९९७ मध्ये आली. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीच्या आमिश समाजातील केटी लॅप ही तिची नायिका. तिच्या यशानंतर आमिश प्रेमकादंबऱ्यांचा पूर लोटला. ‘बॉडिस रिपर’ या शृंगारिक कादंबऱ्यांच्या टोपणनावावरून इंग्रजी वृत्तपत्रांनी यांना थट्टेने ‘बॉनेट रिपर’ म्हटले. या मुखपृष्ठांवर डोक्याला पांढरी टोपी, साधा एकरंगी झगा आणि मागे घोडागाडी किंवा वाळत घातलेले कपडे असतात. टोपी दिसली की वाचकाने निर्धास्त व्हावे.

इथे एक विसंगती आहे. आमिश लोक दहा आज्ञांतील मूर्तिनिषेधाचा आणि नम्रतेचा आधार घेऊन छायाचित्रासाठी उभे राहणे टाळतात. म्हणजे ज्या समाजाच्या साधेपणावर हा बाजार उभा आहे, त्या समाजातली स्त्री या मुखपृष्ठावर कधी येणारच नाही. तिथे येते ती टोपी घातलेली मॉडेल. अनेक मुखपृष्ठांवर तिच्या कोरलेल्या भुवया आणि ओठांवरचा रंग लपत नाही. साधेपणाचे चित्र काढण्यासाठी साधेपणाचा पहिला नियम मोडावा लागतो. वाचकाला हे खटकत नाही, कारण तिला आमिश स्त्रीची ओळख नको असते, टोपीने दिलेली हमी हवी असते. इतरांच्या आयुष्याचे आपल्या सोईपुरते चित्र करून घेण्याची सवय इथून सुरू होते, आणि ती पुढे कुठवर जाते हे पाहण्यासारखे आहे.

आगामी पुस्तकाची हमी

या व्यवसायात मुखपृष्ठ पुस्तकाच्या पुष्कळ आधी बाहेर पडते. कादंबरी येण्याच्या काही महिने अगोदर तिच्या मुखपृष्ठाचे अनावरण होते, आगामी पुस्तकांच्या याद्यांत ते झळकते, आणि वाचक त्यावरून आगाऊ मागणी नोंदवतात. मजकुराचे एक पानही न वाचता चित्रावर विश्वास टाकला जातो. हमीचे मोल म्हणूनच इतके मोठे.

गेल्या काही वर्षांत ही हमी डळमळली आहे. २०१८ च्या सुमारास निधर्मी प्रेमकादंबऱ्यांनी छायाचित्रे टाकून देऊन सपाट, चटकदार रंगांची, व्यंगचित्रासारखी मुखपृष्ठे स्वीकारली. आतला मजकूर कितीही धीट असो, बाहेर गोजिरवाणी चित्रे. श्रद्धाप्रधान प्रकाशकांनीही, विशेषतः समकालीन कथांसाठी, तीच शैली उचलली. परिणाम असा की फडताळावर दोन्ही पुस्तके सारखीच दिसू लागली. मग हमी चित्रातून शब्दांत सरकली: ‘क्लीन’, ‘स्वीट’, ‘क्लोज्ड डोअर’. पण शब्दांनी ओझे उचलताच त्यांचा अर्थही उघडा पडला. एक पुस्तक ‘स्वच्छ’ म्हटले की दुसरे आपोआप मळके ठरते.

चांगले बदलही याच काळातले. या प्रकाराच्या मुखपृष्ठावरची स्त्री दशकानुदशके जवळपास नेहमी गोरीच होती. टोनी शायलो यांच्या ‘इन सर्च ऑफ अ प्रिन्स’ (२०२२) या कादंबरीची नायिका न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीय शिक्षिका आहे आणि ती मुखपृष्ठावर तशीच, ऐटीत, उभी आहे. ही कादंबरी बेथनी हाउसनेच काढली. त्या मोकळ्या जागेत कोणाला उभे राहू द्यायचे, हा प्रश्न प्रकाशकांना उशिरा का होईना पडला, हे महत्त्वाचे.

हमी कोणासाठी?

या प्रश्नाची धार २०२१ मध्ये जाणवली. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेने आपले जुने पुरस्कार बंद करून, संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या कृष्णवर्णीय संपादिका व्हिव्हियन स्टीफन्स यांच्या नावाने नवे पुरस्कार सुरू केले. पहिल्याच वर्षी धार्मिक-आध्यात्मिक गटातला पुरस्कार कॅरन विटमायर यांच्या ‘ॲट लव्हज कमांड’ (२०२०) या कादंबरीला मिळाला. कादंबरीची सुरुवात वुंडेड नी येथे होते. २९ डिसेंबर १८९० रोजी दक्षिण डकोटात अमेरिकी घोडदळाने लकोटा लोकांची कत्तल केली; अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत कितीतरी बायका-मुले होती. कादंबरीचा नायक त्या घोडदळातला अधिकारी. तो पश्चात्तापाने सैन्य सोडतो, दुबळ्यांच्या रक्षणाचे व्रत घेतो, आणि पुढे त्याला प्रेम आणि क्षमा दोन्ही मिळतात. वाचकांनी आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच संस्थेने पुरस्कार मागे घेतला.

लेखिकेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा क्षुल्लक नव्हता. पापी माणसाचा उद्धार हा या कादंबरीप्रकाराचा गाभाच आहे. नायक हत्येचे समर्थन करत नाही, तिच्या ओझ्याने वाकतो. मग आक्षेप कशाला? आक्षेप असा की ज्यांना मारले त्यांच्या वाट्याला या कथेत फक्त मरण येते. क्षमा मागणारा आहे, देणारा देव आहे, प्रेम करणारी नायिका आहे. लकोटा माणूस मात्र नायकाच्या आत्मशुद्धीचे निमित्त होऊन पहिल्या पानांतच संपतो. पुरस्कार मागे घेणे योग्य होते का, यावर मतभेद राहतील. मला महत्त्वाचे वाटते ते असे: या प्रकाराने चाळीस वर्षे वाचकाला जी हमी दिली, ती शय्यागृहाच्या दारापुरती होती. कत्तल त्या हमीच्या आड येत नव्हती. गव्हाच्या शेतामागचे ते निर्मळ आकाश पाहताना, ती जमीन आधी कोणाची होती, हा प्रश्न मुखपृष्ठाने कधी उठू दिला नाही. जागा मोकळी दिसते ती काही वेळा देवासाठी राखलेली असते, आणि काही वेळा माणसे हटवलेली असतात म्हणून.

दोन विधवा

या साऱ्याचा मराठी वाचकाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) काटेकोर अर्थाने याच कुळातली आहे. मनाने ख्रिस्ती श्रद्धेकडे वळलेली यमुना पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दैना पाहते, पुढे स्वतःच विधवा होते, आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. श्रद्धा, वियोग, पुन्हा संसार: सगळे टप्पे आहेत. जॅनेट ओक यांची नायिका मार्टी हीदेखील गर्भवती असताना, परमुलखात, विधवा होते, आणि पतीच्या दफनाच्याच दिवशी एका विधुराकडून, त्याच्या लहान मुलीला आई हवी म्हणून, तिला मागणी येते. या दोन कादंबऱ्यांत एकशे बावीस वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. दोन्हींच्या मध्यभागी मात्र एक तरुण विधवा आणि तिला नव्या घरापर्यंत नेणारी श्रद्धा आहे. त्यामुळे ‘असले साहित्य आमच्याकडे नाही’ असे नाक मुरडून म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

फरक आहे तो वचनाचा. ‘यमुनापर्यटन’च्या नावाला उपशीर्षक जोडलेले आहे: ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम एक वर्ष लोटले होते. पदमनजींनी वाचकाला निर्धास्त राहा असे सांगितले नाही. जे घराघरांत झाकून ठेवले आहे ते दाखवतो, असे सांगितले. यमुनेला दिलासा मिळतो तो पुस्तकभर इतर बायकांची दुःखे ऐकल्यानंतर. प्रचारकीपणाचा आक्षेप या कादंबरीवर आहे आणि तो खरा आहे. दुसऱ्या बाजूला ती न्याय देत नाही. तरीही तिच्यातली दुःखी माणसे नायिकेच्या उद्धाराची पायरी होऊन नाहीशी होत नाहीत. आजही ‘यमुनापर्यटन’ वाचताना लक्षात राहतात त्या यमुनेपेक्षा वाटेत भेटलेल्या बायकाच.

दिलासा देणारे साहित्य हलके असते, हे मला मान्य नाही. दिवसभराच्या कष्टानंतर शेवट गोड होणार हे ठाऊक असलेले पुस्तक उघडणाऱ्या बाईला हसण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. पण त्या दिलाशाची पारख करण्याचे एक साधे माप या मुखपृष्ठांनी मला दिले. आगामी पुस्तकाचे नवे चित्र समोर आले की नायिकेचा झगा किंवा गळ्याची बटणे पाहण्याआधी तिच्या मागची मोकळी जागा पाहावी, आणि तिथून कोणाला हलवले आहे हे विचारावे. ‘यमुनापर्यटन’ला हा प्रश्न विचारला तर उत्तर उपशीर्षकातच मिळते. आजच्या कादंबऱ्यांपैकी कितींना ते देता येईल, हे प्रत्येक पुस्तक उघडूनच ठरवावे लागेल.