'त्रयी' नव्हे, 'तिक'

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील विहारांच्या निमंत्रणपत्रिका, वर्षावासाची पत्रके आणि वंदनेच्या पुस्तिका चाळताना एक शब्द वारंवार भेटतो : 'त्रयी'. बुद्ध, कबीर, फुले ही 'गुरुत्रयी'. प्रज्ञा, शील, करुणा ही 'तत्त्वत्रयी'. शब्द भारदस्त आहे. परंतु आपल्या लेखनात तो कोठून आला, याचा विचार झालेला दिसत नाही.

संस्कृतात 'त्रयी' म्हणजे ऋक्, यजुस् आणि साम हे तीन वेद. कौटिल्याने विद्यांची गणना करताना तो याच अर्थाने वापरला आहे. त्यामुळे या शब्दात संख्येपेक्षा प्रामाण्याचा भाव अधिक आहे. तथागतांनी नेमका तोच भाव नाकारला. तीन वेद जाणणारा तो 'तेविज्ज' ही ब्राह्मणांची व्याख्या बाजूला सारून त्यांनी पूर्वनिवासाचे ज्ञान, दिव्यचक्षू आणि आस्रवक्षयाचे ज्ञान असा नवा अर्थ त्या शब्दाला दिला. ही चर्चा अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात आहे, आणि ऐकीव गोष्टीवर, एवढेच नव्हे तर पिटकात आहे म्हणूनही विश्वास ठेवू नका असे सांगणारे केसमुत्तिसुत्तही त्याच निपातात आहे!

मराठवाड्याला ही गोष्ट परकी नाही. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गातील बावरी गोदावरीच्या काठी अस्सक प्रदेशात राहत होता. गाथा त्याला तीन वेदांत पारंगत आणि अंगावर तीन लक्षणे असलेला म्हणतात. अशा त्रयीसंपन्न आचार्याचे सोळा शिष्य प्रश्न घेऊन बुद्धाकडे गेले. अर्धापूरजवळ दाभडच्या महाविहाराला 'बावरीनगर' हे नाव आहे. तेथे येणाऱ्या उपासकाला बावरी ठाऊक असतो. त्याच्या शिष्यांचे प्रश्न मात्र क्वचितच वाचले जातात.

पालीतील पारिभाषिक शब्द आहे 'तिक'. धम्मसंगणीच्या मातिकेत २२ तिक आहेत. पहिला कुसल, अकुसल, अब्याकत; दुसरा सुख, दुःख आणि अदुःखअसुख या वेदनांचा. तेच धम्म प्रत्येक तिकात नव्याने विभागले जातात. तिक म्हणजे विभागणीची रीत होय.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. 'शील, समाधी, प्रज्ञा यांतील समाधी वगळून बाबासाहेबांनी करुणा घातली', असा आक्षेप आजही काही परंपरानिष्ठ मंडळी घेतात, आणि आपले कार्यकर्ते निरुत्तर होतात. तत्त्वांची 'त्रयी' मानली की बदल हा दोषच ठरतो. वास्तविक चूळवेदल्लसुत्तात भिक्खुनी धम्मदिन्ना अष्टांगिक मार्गाची विभागणी शील, समाधी, प्रज्ञा या तीन स्कंधांत करते; तो मार्गाविषयीच्या प्रश्नाचा तिक आहे. १२ मे १९५६ च्या बी.बी.सी.वरील भाषणात बाबासाहेबांपुढे प्रश्न होता बौद्ध धम्मच का पसंत, हा. तेथे त्यांनी प्रज्ञा, करुणा आणि समता सांगितली. १९५४ मध्ये आकाशवाणीवर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचे मूळ बुद्धाच्या शिकवणीत असल्याचे ते सांगतात. प्रश्न बदलला की तिक बदलतो. एका तिकाने दुसरा रद्द होत नाही. आक्षेपकांना उत्तर द्यायचे ते येथून.

'त्रिक' हे संस्कृत रूप वापरायला हरकत नाही, पण आयुर्वेदात ते कमरेच्या हाडाचे नाव आहे. 'त्रिकूट' तर वृत्तपत्रांनी कारस्थानी तिघांसाठी राखून ठेवले आहे. तत्त्वांसाठी 'तिक' लिहावे व पहिल्या उल्लेखाबरोबर अर्थ द्यावा. 'त्रिशरण' आणि 'त्रिरत्न' रुळलेलेच आहेत. गुरूंच्या बाबतीत बाबासाहेबांचे साधे शब्द पुरेसे आहेत : तीन गुरू.