लुटियन्सची पत्रं आणि रायसिनाचा चढ

बडोद्याच्या वाचकाला एडविन लुटियन्स अगदीच परका नाही. दिल्लीतलं बडोदा हाऊस त्यानेच गायकवाडांसाठी आखलं. आज तिथे उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. पण त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे व्हाइसरॉयचं निवासस्थान, आजचं राष्ट्रपती भवन. कामासाठी दिल्लीत असताना तो पत्नी एमिलीला सतत पत्रं लिहायचा. क्लेअर पर्सी आणि जेन रिडली यांनी संपादित केलेला त्यांच्यातल्या पत्रव्यवहाराचा संग्रह १९८५ साली निघाला. इतिहासाचं साधन म्हणून या पत्रांवर किती भरवसा ठेवायचा, एवढाच प्रश्न मी इथे घेतो.

पत्रं वाचनीय आहेत, यात वाद नाही. खर्चाची कात्री, अधिकाऱ्यांची ये-जा, कोट्या, मधेच काढलेली चित्रं असं सगळं त्यांत येतं. इमारत एका झटक्यात कुणाच्या डोक्यातून उतरत नाही, रोजच्या घासाघिशीतून उभी राहते, हे ती वाचताना कळतं.

अडचण येते रायसिनाच्या चढापाशी. सहकारी हर्बर्ट बेकर याची सचिवालयं टेकडीवर पुढे आली आणि व्हाइसरॉयचा वाडा मागे सरकला. मधल्या रस्त्याचा चढ साडेबावीस फुटांना एक फूट असा ठरला. परिणाम आजही दिसतो: विजय चौकातून वर पाहिलं की वाडा चढाआड जातो, वर फक्त घुमट उरतो. १९१६ साली लुटियन्सने चढ बदलण्यासाठी जंग जंग पछाडलं, पण खर्चाच्या कारणाने ते नाकारलं गेलं. दोघांची मैत्री तिथेच तुटली. नुसती पत्रं वाचली तर बेकर खलनायक ठरतो. पण चढाच्या १९१३ सालच्या कागदावर खुद्द लुटियन्सची सही आहे! पत्र सांगतं राग काय होता. काय ठरलं होतं ते दप्तरातला कागद सांगतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय निवाडा करू नये.

दुसरी गोष्ट अधिक बोचते. या पत्रांत हिंदी वास्तुकलेबद्दल आणि हिंदी माणसांबद्दल तुच्छता आहे, आणि ती लपवलेली नाही. संपादिकांनी ती गाळली नाही, हे बरंच केलं. आता इमारत बघा: छज्जे आहेत, छत्र्या आहेत, जाळ्या आहेत, आणि घुमटाला सांचीच्या स्तूपाची आणि कठड्याची आठवण आहे. व्हाइसरॉय हार्डिंगचा आग्रह होता हे खरं, पण नुसत्या आग्रहाने एवढं सुंदर काम होत नाही. पत्रात हिणवलेलं दगडात मानाने बसवलं. शिवाय ही पत्रं जिला लिहिली ती एमिली थिऑसॉफीत गुंतलेली, कृष्णमूर्तींची पाठीराखी. म्हणजे घरातला मतभेदही या पत्रांत मुरलेला आहे. ते विसरून एखादं वाक्य उचलायचं आणि लुटियन्सचा सिद्धांत म्हणून मिरवायचं, हे काही बरोबर नाही.

आपल्याकडे याचा धडा काय? लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. मँट १८८१ साली वारला आणि काम रॉबर्ट चिझमने पूर्ण केलं. वाडा कोसळेल या धास्तीने मँटने जीव दिला, ही गोष्ट बडोद्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. सांगणारा कागद कधीच दाखवत नाही. दिल्लीत निदान पत्र आणि सही भिडवून बघता येतात. इथे ऐकीव कथेवर भागवायचं. वाडा मात्र अजून भक्कम उभा आहे.

म्हणून मंडळातल्या मित्रांना एक विनंती. न्यायमंदिर, म्युझियम, कॉलेजचा घुमट यांविषयी लिहिताना शैलीची नावं देऊन थांबू नका. दगड कुणी पुरवला, चुना कसा मळला, नकाशा कुणी बदलला, सही कुणाची, हे शोधा. घरच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांची बांधकाम खात्यातली मोडी टिपणं असतील तर रद्दीत घालू नका. मिस्त्री आणि गवंडी साहेबाच्या पत्रांत सहसा नावानिशी येत नाहीत. आले तर हजेरीपटातच येतील.